बिनसहीचं हमीपत्र

त्रुटीसाहेब निवृत्त झाले तेव्हा पाणीपुरवठा कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. घड्याळ पुढे बंद पडलं. निःश्वास अजून चालू आहे.

हे नाव त्यांना आईवडिलांनी दिलेलं नव्हतं. नळजोडणीच्या खिडकीपुढे उभं राहून राहून ज्यांच्या पायांचे तुकडे पडले, त्या लोकांनी ते दिलं होतं आणि साहेब ते पदवीसारखं मिरवत. त्यांची कामाची एक पद्धत होती. अर्ज हातात आला की पहिल्याच नजरेत त्यांना त्यातल्या झाडून सगळ्या चुका दिसत. सांगायची मात्र एकच. "घरपट्टीच्या पावतीची प्रत नाही. त्रुटी. पूर्ण करून आणा." माणूस प्रत घेऊन आला की, "शेजाऱ्याची संमती नाही. त्रुटी." संमती आणली की नकाशा, नकाशा आणला की नकाशावरची तारीख. अशाने शेवटी नळ मिळे, नाही असं नाही. पण तोवर घर बांधून, रंगवून, त्या रंगाचे पोपडे निघायला लागलेले असत. लाच त्यांनी जन्मात घेतली नाही. घेतली असती तर फार बरं झालं असतं, असं लोक म्हणत. निदान फेऱ्या वाचल्या असत्या.

"सगळं एकदम सांगितलं की माणूस गांगरतो," असं साहेबांचं म्हणणं. लोकांच्या भल्यासाठी ते किती झिजले याची लोकांना कल्पना नव्हती.

घरीही हीच पद्धत. "लग्नात ह्यांना माझ्यात किती त्रुटी दिसल्या होत्या देव जाणे," त्यांची बायको येईल त्याला सांगे. "दरवर्षी एक सांगतात. अजून संपलेल्या नाहीत."

अशा माणसाच्या पोटी जन्माला आलेली एकुलती एक लेक लोकांना पाय बनवून देते, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा. कृत्रिम पाय. अपघातात, आजारात ज्यांचे पाय गेले त्यांच्या मांडीचं माप घ्यायचं, प्लॅस्टरचा साचा करायचा, तो घासून पुसून बेताचा करायचा, मग त्यावरून पाय. तिच्या नखांत कायम पांढरी पूड असे. एखादं पोर नव्या पायावर पहिल्यांदा उभं राहिलं की ती घरी येऊन सांगे, आणि साहेब विचारत, "पायाची पोचपावती घेतलीस का?"

तर या लेकीला समुद्रापलीकडच्या एका मुलांच्या इस्पितळाने नोकरी दिली. सगळं लेखी, पगारासकट, आणि हजर व्हायची तारीखही पक्की. त्या तारखेला आली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, असंही त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं. आता फक्त त्यांच्या देशाचा नोकरीचा व्हिसा हवा होता. तो मिळायचा कॉन्सुलेटमधून. तिने ही बातमी सांगितली तेव्हा आईने तिला जवळ घेतलं, रडून घेतलं, हसून घेतलं. साहेब म्हणाले, "छान. फाइल कुठाय?"

"मी करतेय बाबा. सगळं भरून झालंय."

"भरून झालंय म्हणजे काय? तपासायला नको? अगं, सगळी हयात गेली माझी खिडकीत."

"खिडकीच्या आत गेली," बायको म्हणाली. "तिला बाहेर उभं राहायचंय."

पण साहेबांच्या अंगात आलं होतं. निवृत्तीनंतर प्रथमच घरात एक जिवंत अर्ज आला होता. त्यांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. चष्म्यावर भिंग धरून एकेक कागद वाचला. पदवी, अनुभवाचे दाखले, बँकेचे कागद, इस्पितळाचं पत्र, फोटो, शेवटी हमीपत्र: वर दिलेली माहिती खरी आहे, खाली सही. घरातल्या दोघी उभ्याउभ्या जेवत होत्या. दोन दिवस तपासून झालं आणि साहेबांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" लेकीने घाबरून विचारलं.

"काही नाही."

"काही चुकलंय का?"

"तेच तर. काहीच चुकलेलं नाही."

कारण साहेबांचं आणखी एक तत्त्व होतं, आणि ते त्यांनी खिडकीत बसूनच कमावलं होतं. बिनचूक अर्जाइतका घातक अर्ज नाही. खिडकीतल्या माणसाला काहीतरी सापडलं पाहिजे. सापडलं की त्याच्या जिवाला बरं वाटतं, तो वर बघतो, "हे राहिलं" म्हणतो, आणि बाकीच्या कागदांवरून त्याचा हात मायेने फिरतो. सापडलंच नाही तर तो खणायला लागतो. आणि खणत गेलं की कुणाच्याही अर्जाखाली काहीतरी निघतंच. स्वतः साहेबांनी असे कितीतरी बिनचूक अर्ज केवळ संशयापोटी महिनोन्‌महिने कपाटात ठेवले होते.

म्हणून अपॉइंटमेंटच्या आदल्या दुपारी, लेक कामावर आणि बायको दळण आणायला गेलेली असताना, त्यांनी अर्जात एक छोटीशी सोय केली. छपाईत शाई फरफटल्यामुळे लेकीने हमीपत्र पुन्हा छापलं होतं; आधीचं, बिनसहीचं, तसंच टेबलावर पडलं होतं. साहेबांनी सहीचं काढलं आणि बिनसहीचं लावलं. खिडकीतला माणूस म्हणेल, "इथे सही राहिली." पोरगी म्हणेल, "अरेच्चा." सही करेल. तो खूश, ही मोकळी. साहेबांना आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी स्वतःसाठी चहा केला. सहीचं हमीपत्र त्यांनी फाडलं मात्र नाही. सही झालेला कागद फाडणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. तो त्यांनी आपल्या कपाटात, घडी केलेल्या शालीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेक आत गेली आणि साहेब समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. कॉन्सुलेटची भिंत इतकी उंच होती की तिच्यापलीकडे नुसता झेंडा दिसे, तोही वारा असेल तर. साहेबांचा रुमाल कपाळ पुसून ओला व्हायच्या आत लेक बाहेर आली. हसत होती.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाले?"

"धन्यवाद म्हणाले."

साहेबांना काही कळेना. "अगं, म्हणजे... काही काढलं नाही त्यांनी? कुठे सही करा, कुठे तारीख घाला?"

"काही नाही बाबा. खिडकीतल्या मुलीने कागद मोजले, मशीनमध्ये घातले, पासपोर्ट ठेवून घेतला. तिने वाचलंसुद्धा नाही. वाचणारे दुसरीकडेच कुठेतरी बसतात म्हणे."

इथे खरं म्हणजे साहेबांनी सगळं सांगून टाकायला हवं होतं. दार अजून उघडं होतं. पहारेकऱ्याने लेकीला ओळखून पुन्हा आत सोडलं असतं. "थांब, एक घोटाळा झालाय," एवढं वाक्य बोलायला काही पदवी लागत नाही. साहेबांनी तोंड उघडलं.

"छान," ते म्हणाले.

लेकीने त्यांना समोरच्या हॉटेलात नेऊन कॉफी पाजली. तिथली थंडी, तिथलं इस्पितळ, तिथल्या मुलांचे पाय दरवर्षी कसे नव्याने करावे लागतात कारण मुलं वाढतात, असं सगळं ती भडाभडा बोलत होती. साहेब मूग गिळून कॉफी पीत होते.

उत्तर आलं ते मोबाइलवर. चार ओळी. हमीपत्रावर अर्जदाराची सही नसल्याने अर्ज दाखल झालेलाच नाही असे समजण्यात येत आहे. पासपोर्ट परत पाठवला आहे. नव्याने वेळ घ्यावी. लेकीने तिथल्या तिथे नवी वेळ शोधली. पहिली मोकळी वेळ नोकरीवर हजर व्हायची तारीख उलटून गेल्यानंतरची होती. "पुन्हा या" म्हणायला तिकडे कुणी माणूसही नव्हता. साहेब निदान तोंडाने तरी म्हणत.

"मी सही केली होती," लेक म्हणाली. "आई, तुझ्यासमोर केली. केली ना?"

"केली होतीस बाई. निळ्या पेनने."

"मग गेली कुठे? माझं डोकं फिरलंय का? असं कसं झालं माझ्याकडून?" ती टेबलाशी बसली आणि पुन्हा उठली. कपाट उघडलं, बंद केलं. "मी मापं घेते लोकांची. एक रेघ चुकली तर पोराच्या मांडीला जखम होते. माझ्याकडून अशी चूक झाली असेल तर मी हे काम करायच्याच लायकीची नाही."

हे साहेबांना ऐकवेना. दुसरं काहीही त्यांनी ऐकून घेतलं असतं. ते आत गेले, शालीखालचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. निळ्या पेनची सही, टपोरी, खाली दोन टिंबं. मग त्यांनी आपलं तत्त्व समजावून सांगितलं. खिडकीतला माणूस, त्याला काहीतरी सापडणं, त्याच्या जिवाला बरं वाटणं. सांगताना त्यांचं त्यांनाच ते पहिल्यांदा थोडं पोकळ वाटलं.

बायकोने मात्र तोंड सोडलं. "अहो, सगळ्या गावाला नाचवलंत ते कमी पडलं का? आता पोरीलाही नाचवा! सापडायला हवं होतं ना त्यांना काहीतरी? मग तुमचाच फोटो चिकटवायचात फाइलवर. ह्याहून मोठी त्रुटी कुठली मिळणार होती त्यांना?"

लेकीने कागदाकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं, आणि तिच्या मनात काय चाललंय हे साहेबांना कळलं नाही. तिने ओरडावं असं त्यांना फार वाटत होतं.

"तक्रार ऐकायची एक खिडकी असते त्यांची," कागद पिशवीत ठेवत ती म्हणाली. "उद्या जाते."

"मी येतो. मी सांगतो त्यांना."

"या," ती म्हणाली. एवढंच.

तक्रारीची खिडकी एका लांबट खोलीच्या टोकाला होती. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. पाण्याचं मशीन होतं, पेले नव्हते. हातात नंबरचे कागद घेऊन बसलेली माणसं दर थोड्या वेळाने आपापला नंबर पुन्हा बघत होती, जणू तो बदलला असता. साहेबांनी सगळी हयात अशीच खोली पाहिली होती, पण उलट्या बाजूने. या बाजूने ती बरीच लांब दिसत होती. काचेला बोलायची भोकं इतकी खाली होती की माणसाला वाकल्याशिवाय बोलता येऊ नये. ही युक्ती साहेबांच्याही खिडकीला होती. तेव्हा ती त्यांना फार सोयीची वाटायची.

काचेमागे तिकडच्या देशाचा एक अधिकारी होता, तरुणच, नाक उन्हाने लाल झालेला, आणि शेजारी दुभाषी बाई. साहेब वाकले. लेक बाजूला उभी राहिली.

"अर्ज हिचा आहे. चूक माझी आहे," साहेबांनी सुरुवात केली, आणि कागद बदलल्याचं सगळं सांगितलं. तत्त्वही सांगितलं. बाई भाषांतर करत गेली. अधिकाऱ्याच्या भुवया हळूहळू वर चढल्या. त्याने काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतायत, तुम्ही कुठे काम करत होता?"

"पाणीपुरवठा. नळजोडणीच्या खिडकीत."

हे ऐकून अधिकारी जरा पुढे सरकला. एका खिडकीतल्या माणसाने दुसऱ्याशी बोलावं तसा, साध्या आवाजात, तो दोन वाक्यं बोलला.

"साहेब विचारतायत, तुमच्याकडेही हमीपत्र असायचं का अर्जाला?"

"हो."

"आणि त्यावर सही नसली तर?"

साहेबांचं उत्तर तयार होतं. जन्मभर दिलेलं उत्तर होतं ते, झोपेतसुद्धा दिलं असतं. "मग तो अर्जच नव्हे. बाकीच्या त्रुटी चालतात, पुढे पूर्ण करता येतात. बिनसहीच्या हमीपत्राला आम्ही आवक नंबरसुद्धा..."

आणि ते थांबले.

फाइलमध्ये फोटो होते. बँकेच्या कागदांच्या प्रती होत्या. दाखल्यांवरच्या तारखा होत्या, पत्त्यातला पिनकोड होता. खिडकीतल्या माणसाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून हात घालायचा तर जागाच जागा होती, आणि त्यातल्या कशानेही कुणाचं काही बिघडलं नसतं. सगळ्या गठ्ठ्यात एकच कागद असा होता की जो गेला की सगळंच गेलं. भर दुपारी, शांत डोक्याने, चहाच्या आधी, त्रुटीसाहेबांनी नेमका तोच काढला होता. एवढी अचूक त्रुटी त्यांनी नोकरीतही कधी काढली नसेल.

दुभाषी बाई वाट बघत होती. "मग का बदललंत, असं विचारतायत ते."

काचेत साहेबांना स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि बाजूला लेकीचा खांदा. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

"मला ती जायला नको होती," ते म्हणाले. "मला तेव्हा कळलं नाही. आत्ता कळतंय. घरात आम्ही दोघंच उरलो असतो. मला ती जायला नको होती."

बाईने भाषांतर केलं नाही. ती लेकीकडे बघत राहिली. "हे सांगू का त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"सांगा," लेक म्हणाली.

बाईने सांगितलं. लाल नाकाच्या अधिकाऱ्याने मान हलवली नाही, हसला नाही, उपदेशही केला नाही. त्याने संगणकावर काहीतरी लिहिलं, मग एका दमात बोलून गेला आणि बाईने तसंच्या तसं एका चिठ्ठीवर उतरवून काचेखालून सरकवलं. सहीचं हमीपत्र. वडिलांचा लेखी जबाब. पासपोर्ट. आधीच्या पावतीची प्रत. खिडकी बंद व्हायच्या आत आज आणलंत तर आधीचाच अर्ज आधीच्याच तारखेने धरू. हजर व्हायच्या आत शिक्का मारून मिळेल.

"आणि?" साहेबांनी सवयीने विचारलं.

"आणि काही नाही. एवढंच."

"म्हणजे नंतर पुन्हा काही..."

"नाही हो. सगळं लिहिलंय त्यात."

साहेब चिठ्ठी हातात घेऊन जरा वेळ तसेच वाकून राहिले. ती लिहायला बाईला पेलाभर पाणी प्यायला लागेल तेवढासुद्धा वेळ लागला नव्हता. मागच्या माणसाने खाकरून त्यांना आठवण करून दिली.

सगळे कागद, सकाळीच कुरिअरने परत आलेल्या पासपोर्टसकट, लेकीच्या पिशवीत होतेच, जबाब तेवढा लिहायचा होता. तो साहेबांनी ठोकलेल्या खुर्चीवर बसून, फाइल मांडीवर घेऊन लिहिला. मुलीने जाऊ नये या हेतूने मी कागद बदलला, तिला याची कल्पना नव्हती. खाली सही. बाईने कागद तपासले, शिक्का उठवला, पावती दिली. धन्यवाद म्हणाली.

ते दोघं बाहेर आले. बसथांब्यापर्यंत लेक पुढे आणि साहेब मागे, फाइल छातीशी धरून. काम झालं होतं. पोरगी जाणार होती, वेळेवर जाणार होती. साहेबांना वाटलं आता काहीतरी बोलायला हवं. त्यांना एवढंच सुचलं, "उन्हं तापली."

"बाबा, हे मला सांगायचं होतं तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "घरी. टेबलाशी बसून. नको जाऊस म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

"थांबले नसते. पण तुमच्या गळ्यात पडून रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग गेले असते. मला तसं जायचं होतं." तिने डोळे पुसले, तेही रागानेच. "आता मी चिडून जाणार. तिकडे एकटी बसून तुमच्यावर चिडणार. आणि तुम्ही इथे. ही त्रुटी कशी पूर्ण करायची, ते सांगा आता."

साहेबांनी तोंड उघडलं. आणि फाइल छातीशी आणखी घट्ट धरली.

लांबून बस येताना दिसली. लेकीने हात केला, मग वळून वडिलांच्या हातातली फाइल काढून घेतली आणि आपल्या पिशवीत ठेवली.